उजव्या हाताची पहिली बत्ती

मयूरशेठनं जे सांगितलं ते सगळ्या बायांना एकदमच सांगितलं, त्यामुळं चंद्रभागेला आधी वाटलं की यात आपण नसणार.

दसरा होऊन आठवडा झालेला. कल्याणला बेतुरकर पाड्यात मयूरशेठच्या बँडचं दुकान आहे. भिंतीला लाल कोट टांगलेले, खाली ढोल एकावर एक रचलेले. तुळशीचं लग्न लागलं की वरातींचा हंगाम उघडतो. त्याच्या आधी शेठ बायांना बोलावून तारखा देतो. यंदा त्यानं तारखांचं नावच काढलं नाही.

"जनरेटरची गाडी बंद केली मी," तो म्हणाला. "सोसायटीवाले धूर नको म्हणतात, आवाज नको म्हणतात. ट्रॅफिकवाला लांबनं गाडी बघितली की शिट्टी मारतो. पार्ट्यांना आता लायटिंगचा ट्रक पायजे. गाडी नाय तर वायर नाय, आणि वायर नाय तर डोक्यावरची झुंबरं नाय."

"मंग आमी?" शकूनं विचारलं.

"तेच सांगतोय ना शकूताई. तुम्ही पण नाय."

सहा बाया होत्या. चौघी उठल्या. त्यातली एक तर हसून म्हणाली, मान सुटली बया एकदाची. शकू बसून राहिली, कारण तिच्या अंगाला उठायला वेळ लागतो. चंद्रभागाही बसूनच राहिली.

"माजं काय मयूर?" ती म्हणाली. शेठला नुसत्या नावानं हाक मारणारी ती एकटीच. त्याच्या स्वतःच्या वरातीत घोड्यापाशी तीच होती.

"मावशी, तुझं वेगळं काय असणार?"

"उजव्या हाताची पहिली हाय मी. तुज्या बापानं उभं केल्यालं."

मयूरशेठ मोबाइलमध्ये बघत राहिला.

चंद्रभागा मूळची बार्शीकडची. नवरा मारुती डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या एका कारखान्यात होता. घरी यायचा तेव्हा कानाच्या पाळ्यांपर्यंत जांभळा असायचा. सकाळी उशीच्या अभ्र्यावरही तोच रंग. पुढं खोकला लागला आणि दोन वर्षांत खोकल्यानं त्याला नेलं. चंद्रभागा तेव्हा एकोणतीस वर्षांची, पदरात सुशांत. सासूनं तिचं कुंकू पुसलं, चाळीच्या पायरीवर बांगड्या फोडल्या आणि सहा महिन्यांनी गावी निघून गेली.

मयूरचा बाप दगडू मास्तर तेव्हा बँड चालवायचा. एका वरातीला त्याला एक बाई कमी पडली आणि कुणीतरी चंद्रभागेचं नाव सांगितलं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर फळी, फळीवर सूं सूं करणारी गॅसबत्ती. ती उभी राहिली, पण तिचं ध्यान वजनाकडं नव्हतं. आता कुणीतरी विचारणार, मोकळ्या कपाळाची बाई वरातीत कशी, ही तिची धास्ती. कुणी विचारलंच नाही. डोक्यावरची बत्ती चहूकडं उजेड फेकते, फक्त फळीची सावली धरणारीच्या तोंडावर पडते. गळ्याच्या वर बाई असते की नसते ते लोकांना दिसतच नाही. पुढं गॅसबत्त्या जाऊन ट्यूबलाईटी आल्या, ट्यूबलाईटी जाऊन झुंबरं आली. सावली तशीच राहिली. अठ्ठावीस वर्षं ती त्या सावलीत चालली.

तिची मान हलत नाही म्हणून दगडू मास्तरनं तिला उजवीकडं पहिली लावलेली. उजवी पहिली म्हणजे घोड्याच्या तोंडाशी. नवरदेवाच्या चेहऱ्यावर पडतो तो उजेड तिचा. ती थांबली की ओळ थांबते, ती चालली की ओळ चालते. मास्तर पोरांना ओरडायचा, "बँड माझा ऐकू नका, चंद्रीचा पाय बघा!"

घरी असं काही नव्हतं. पाथर्लीला एक खोली. सुशांत पार्सलं पोचवायचं काम करतो, सून प्राप्ती एका क्लिनिकात नंबर लावायला बसते. दोघं वाईट नाहीत. पण दोघं घरात असली की खोलीत तिसऱ्याला पाय पसरायला जागा उरत नाही. मग चंद्रभागा दाराबाहेर उपड्या ड्रमवर बसते. येणारेजाणारे विचारतात, "काय आजी, हवा खाताय?" ती हो म्हणते. म्हणून तुळशीच्या लग्नापासून पुढं रस्त्यावरची ती एक जागा, घोड्याच्या उजव्या कानाशी, एवढीच अशी होती जिथं तिला कुणी सरक म्हणत नव्हतं.

"वायर नको, गाडी नको," ती मयूरशेठला म्हणाली. "अंगात घालायची बत्ती करून आनते. बॅटरी पाठीला. मंग?"

मयूरशेठ हसला. "मावशी, तू काय रोबोट होणार काय?"

"हो म्हन, न्हाई म्हन."

त्यानं थोडा विचार केला. "ठाण्यात खोपटला एक लग्न आहे, सीझनचं पहिलंच. गल्लीत ट्रक शिरत नाय म्हणून पार्टी रडतेय. घेऊन ये. चाललं तर चार अजून करू. नाय चाललं तर मला परत तोंड दाखवायचं नाय, सांगून ठेवतो."

"आन् जागा?"

"उजवी पहिली. बस?"

डोंबिवलीत स्टेशनपासून आत एका गल्लीत केतनचं दुकान आहे. वायरी, चार्जर, दिव्यांच्या पट्ट्या. चंद्रभागा गेली तेव्हा त्याला वाटलं, मावशी देव्हाऱ्याला माळ बघतेय.

"ही न्हाई. अंगात घालायची."

"अंगात? नाटकात काम करता काय मावशी?"

"वरातीत. बत्तीवाली हाय मी."

केतन तिशीचा, तोंडानं मोकळा. त्यानं फळीवरचं सगळं खाली काढलं. रंग बदलणारी पट्टी लावून दाखवली. चंद्रभागेनं ती हातानं बाजूला सारली. "ही नाचनाऱ्यांला दे."

"मग ही घ्या. पिवळसर आहे, मीटरला साठ दिवे. डोळ्याला त्रास नाही, एवढ्याशा बॅटरीवर अडीच तास खेचेल. ही दुसरी आहे पांढरी, मीटरला दोनशे चाळीस. ही म्हणजे बाप आहे. पण बॅटरी पिते, पाऊण तासात खल्लास. गरम पण होते. तुम्हाला ही पिवळीच बरी."

"आत अंधार हाय का कुटं?"

मागं माळ्याच्या शिडीखाली माल ठेवायची कोंदट जागा होती. तिनं केतनला भिंतीशी उभं केलं आणि पिवळी पट्टी हातात धरली. पट्टीकडं तिनं बघितलंच नाही. बघितलं ते केतनच्या तोंडाकडं.

"ह्यात तू सारवलेल्या भिंतीवानी दिसतो."

मग पांढरी लावली. केतननं डोळे मिचकावले.

"हां. आता बघ. गालावर तीळ हाय तुज्या. हनुवटीला चीर हाय वस्तऱ्याची, आजचीच."

केतननं हनुवटीला हात लावला. "मावशी, डेंजर आहात तुम्ही."

"ह्योच उजेड. नवरदेवाच्या आईला तिसऱ्या माळ्यावरनं कळाय पाह्यजे, पोराचे डोळे भरले का न्हाई ते."

"पण घालणार तुम्ही ना? आणा इकडे, मी तुमच्यासमोर धरतो. फोटो काढतो, बघा कशा दिसता."

"माजं काय बघायचं? मी काय नवरी हाय?"

तिनं पांढरीच घेतली, वरून सिलिकॉन चढवलेली, दवानं बिघडू नये म्हणून. बॅटऱ्या दोन घेतल्या. केतननं बॅटरीच्या वायरी बदलायला शिकवल्या. लाल वायर लालमध्ये, काळी काळ्यात. उलटं झालं तर सगळी पट्टी जळून जाईल. तिनं ते त्याच्यासमोर दहा वेळा करून दाखवलं.

पुढचे पंधरा दिवस ती ड्रमवर बसून शिवत होती. रस्त्याच्या कामावरचे लोक घालतात तसलं नारिंगी जाकीट शेजारच्या मुकादमानं दिलं. त्याच्या छातीला, खांद्याला, पाठीला तिनं दाभणानं पट्ट्या टाचल्या. डोक्यासाठी जुन्या छत्रीच्या काड्या वाकवून घेर केला, त्याला पट्टी गुंडाळली, आणि घेर जाकिटाच्या खांद्यांना असा बांधला की तो कानशिलांच्या बाजूनं वर चढून कपाळापुढं थोडा झुकावा. डोक्यावर फळी नाही, वजन नाही. प्राप्तीनं एकदा दारातून बघितलं.

"आई, देवीच्या मागे असते ना प्रभावळ, तसं दिसतंय."

"व्हय ना?"

"हो. पण तुम्ही कशाला घालता हो हे? सुशांतला ओळखणारे असतात ठाण्यात."

चंद्रभागेनं दातानं दोरा तोडला. "त्याला म्हनावं, मला वळखू नको."

खोपटला एसटी डेपोच्या मागच्या एका जुन्या बिल्डिंगीखाली संध्याकाळी सातला वरात उभी राहिली. नवरदेव विनीत, मालवणकडचं घर, दोन पिढ्या ठाण्यातच. हॉल टेंभी नाक्याच्या पुढं. डावीकडं शकू होती, हातात साधा बॅटरीचा दिवा घेऊन, मयूरशेठनं जोडीला म्हणून आणलेली. घोडा आला. विनीत चढून बसला आणि फेटा सावरत मोबाइल बघू लागला. चंद्रभागा घोड्याच्या उजव्या कानाशी गेली आणि तिनं बटन दाबलं.

सगळी गल्ली अगं बाई म्हणाली. ढोलवाल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. विनीतच्या फेट्यावरचा एकेक मोती सुटा दिसायला लागला. मयूरशेठ मागनं ओरडला, "मावशी, एक नंबर! चार नाय, सहा करू!" खिडक्यांमधून माणसं वाकली. चंद्रभागेनं मान ताठ धरली. विनीतची आई वर गॅलरीत पदर डोळ्याला लावत होती आणि ते खालून स्वच्छ दिसत होतं. चंद्रभागेला वाटलं, दगडू मास्तर असायला पाहिजे होता.

बँड सुरू होणार एवढ्यात जिन्याच्या तोंडाशी उभी असलेली एक म्हातारी पुढं आली. फिकट राखाडी साडी, गळा मोकळा. ती गर्दीच्या कडेकडेनं आली, घोड्यापासून चार हात लांबच थांबली आणि तिनं बोटानं चंद्रभागेला बोलावलं. ही विमलाबाई, नवरदेवाची सख्खी आत्या.

"बाये," ती हळू आवाजात म्हणाली, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशी. "तुझो घोव आसा? नवरो?"

चंद्रभागेचा हात आपोआप कपाळाकडं गेला. तेव्हा तिला बोटांवर तो उजेड दिसला. घेर कपाळापुढं झुकलेला होता. दोनशे चाळीस दिवे मीटरला. बाईच्या भुवईतला पांढरा केससुद्धा सुटला नसता.

"न्हाई," ती म्हणाली.

"कधी गेलो?"

"अठ्ठावीस वर्सं झाली."

विमलाबाईनं मान हलवली. "माका वायट वाटता सांगूक. पण माझ्या भावाचो झील तो. मी त्याची सख्खी आत्या, काल त्याका हळद लागली तेव्हा मी आतल्या खोलयेत बसलंय. माका कोणी सांगूक नाय. मीच बसलंय. आताव जिन्यात उभी रवलंय, ओवाळूक पुढे गेलंय नाय. आणि तू घोड्याच्या तोंडाशी?"

ही बाई भांडायला आली असती तर चंद्रभागेला उत्तर देता आलं असतं. बाकी कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. फोटोवाल्याचं नाही, खिडक्यांतल्यांचं नाही. बाईच्या कपाळाकडं आधी बघायची सवय ज्या बाईला लागलेली असते, तिनंच बघितलं होतं.

मयूरशेठ धावत आला. "काय झालं? चला ना, मुहूर्त आहे."

विमलाबाईनं त्याला सांगितलं. त्यानं कपाळाला हात मारला. "एवढंच ना आत्या? टिकली लावेल ती. शकूताई, टिकली आहे काय गं?"

शकूनं पिशवीत हात घातला, पाकीट काढलं. "घे गं मावशे, लाव. दोन घटकेचा परश्न हाय."

"आता मी बघितलंय," विमलाबाई म्हणाली. "तिना टिकली लावली म्हणून माका न बघितल्यासारख्या होतला? उद्या पोराचा काय बरा-वायट झाला तर ह्याच माझ्या डोक्यात येतला. तूच सांग रे बाबा, मी ता कसा विसरू?"

घोड्यावरून विनीत ओरडला, "आत्ये, काय चाललंय? निघूया ना यार!"

"काय नाय रे राजा," विमलाबाई म्हणाली, आणि पुन्हा आवाज खाली घेतला. "उजेड बरो आसा. उजेड र्‍हांवदे. तो तिका घाल." तिनं शकूकडं बोट केलं.

मयूरशेठनं चंद्रभागेकडं बघितलंही नाही. "मावशी, काढ. घाई कर."

जाकीट चंद्रभागेच्या मापाचं. शकू दीडपट. पट्टे पुढं येईनात. लोक खोळंबलेले, बँडवाले तोंडातली पिपाणी काढून उभे. शेवटी चंद्रभागाच खाली फुटपाथवर बसली, काखेतली शिवण दातांनी उसवली, पदराची कड फाडून तिच्या दोन नाड्या केल्या आणि शकूच्या पाठीवर जाकीट आवळून बांधलं. घेर शकूच्या कपाळापुढं झुकवला. शकूच्या कपाळावर मोठी लाल टिकली होती.

"मावशे, मला न्हाई गं पायजे हे," शकू कुजबुजली. तिचे डोळे भरलेले त्या उजेडात साफ दिसत होते.

"मान सरळ धर," चंद्रभागा म्हणाली. "घोड्याकडं बघू नको. त्याच्या पायाकडं बघ."

ती घरी जाणार होती. स्टेशन टेंभी नाक्याच्या पुढंच, गल्लीगल्लीतून गेली असती तर वीस मिनिटांत पोचली असती. मयूरशेठनं दंड धरला.

"कुठं चालली? बॅटरी पाऊण तासाची म्हणालीस ना? बदलणार कोण, मी? मागून ये. सगळ्यांच्या मागून. पुढे नको येऊस, प्लीज." आणि दोन पावलं जाऊन परत वळला. "सहा जाकिटं कर मावशी. मोठ्या मापाची. घरबसल्या कर, तू यायची गरज नाय."

वरात हलली. चंद्रभागा मागं राहिली, दुसरी बॅटरी पिशवीत घालून. सगळ्यात शेवटी मुलं कडेवर घेतलेल्या बाया, त्यांच्यामागं चपला हातात घेतलेला एक म्हातारा, त्याच्यामागं विमलाबाई, आणि विमलाबाईच्या बाजूला आता ती. समोर लांब घोड्याच्या डोक्यापाशी पांढरा गोळा डुलत होता. शकूला चाल धरता येत नव्हती. गोळा पुढं जायचा, थांबायचा, पुन्हा पुढं.

"तुमच्या पायाक लागता काय?" विमलाबाईनं विचारलं. आता ती तिला अहोजाहो करत होती.

"न्हाई."

"माझ्या गुडघ्यात कळ येता."

"मंग कशाला आला चालत? रिक्षानं यायचं."

"पोरग्याची वरात बघूची होती." थोडं चालून ती म्हणाली, "हयसून काय दिसणा नाय म्हणा."

चंद्रभागेला राग यायला हवा होता. पण तिच्यात राग करायला काही शिल्लक नव्हतं. दोघी बाया शेजारी शेजारी चालल्या, आणि टेंभी नाक्याच्या अलीकडं पुढचा पांढरा गोळा एकदा फडफडून विझला.

पाऊण तास झालेला. बँड बंद पडला. "लाईट! अरे लाईट कुठेय?" आरडाओरडा झाला. रस्त्याच्या दिव्यांत सगळे मळकट दिसत होते, एकमेकांच्या अंगावर आदळत होते. चंद्रभागा त्यांच्यातून वाट काढत पुढं गेली. कुणी तिला अडवलं नाही, कुणी तिच्याकडं बघितलं नाही. घोड्याच्या उजव्या कानाशी शकू उभी होती, घामानं निथळलेली.

"गरम लई होतंय गं मावशे. पाठ भाजली."

"वळ."

चंद्रभागेनं तिच्या पाठीमागं बसून जुनी बॅटरी काढली. लाल लालमध्ये, काळी काळ्यात. बोटांनी चाचपून चाचपून जोडलं. घोडा तिच्या खांद्याशी फुरफुरला. अंधारात का होईना, ती आपल्या जागी होती. डोळे मिटून सांगता आलं असतं, घोड्याचा कान कुठं, नवरदेवाचा जोडा कुठं. ती उठली. शकूचा हात बटनाकडं गेला होता. चंद्रभागेनं तो धरला.

"थांब. मी मागं गेल्याबिगर दाबू नको."

"बरं."

"काय टाइमपास चाललाय?" मयूरशेठ कुठूनतरी ओरडला.

चंद्रभागा माणसांतून मागं मागं सरकत गेली. मुलांवाल्या बाया गेल्या, चपलावाला म्हातारा गेला.

"दाबू का मावशे?" शकूचा आवाज आला.

"न्हाई," ती ओरडली. "अजून न्हाई."

आणि ती विमलाबाईच्याही मागं जाऊन उभी राहिली.